खोचमावशी

सुटलेलं टोक दिसलं की मावशीचा हात थांबत नसे. कुणाचा पदर असो, धोतराचा सोगा असो, नाहीतर लॉरीवाल्याच्या गळ्यातला मफलर असो, ती चालता चालता थांबायची, ते टोक मुठीत धरायची आणि ज्याचं त्याच्या कमरेला कोंबून टाकायची. वर "खोच!" म्हणून दटावायची. समोरचा ओळखीचा असलाच पाहिजे असंही नव्हतं. खडीच्या मशीनवर आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीचं कुंभवलीला लग्न होतं. नवरदेव मांडवात शिरत होता आणि खांद्यावरचा शेला पार जमिनीवर लोळत होता. मावशी वऱ्हाडातून वाट काढत पुढे घुसली आणि तिने तो शेला नवरदेवाच्या कमरेत असा काही खोचला की बिचारा दचकून मागच्या वाजंत्र्यावर आदळला. मशीनवर मावशी सगळ्यांचं असंच खोचते, असं आम्ही वरमायला समजावलं, तर ती भडकली, "अहो, लग्नात कुठलं आलंय मशीन?" मावशी म्हणाली, "मशीन नाय, पन लोकांचे पाय हायत ना? कोनी शेल्यावर पाय दिला का नवरा उताना! मंग कोनाला हार घालाल?" वरमायसुद्धा हसली.

हजेरीला तिचं नाव वेगळं होतं. तोंडावर सगळे तिला मावशी म्हणत आणि पाठीमागे खोचमावशी. तिला हे ठाऊक होतं आणि ती त्याचा राग मानत नव्हती.

साठच्या दशकातली गोष्ट आहे. तारापूरकडे मोठी कामं निघाली होती, त्यासाठी बोईसरहून समुद्राकडे पक्का रस्ता होत होता आणि आमच्या ठेकेदाराने वाटेवर खडी फोडायचं मशीन बसवलं होतं. एका बाजूला डिझेलचं इंजिन, दुसऱ्या बाजूला दगड चावणारा लोखंडी जबडा आणि दोघांच्या मध्ये कमरेएवढ्या उंचीवर सटासट पळणारा लांबच लांब पट्टा. त्याला ना जाळी, ना कुंपण. आम्ही बायका घमेल्यातून दगड वाहून त्या जबड्यात टाकायचो. जाण्यायेण्याची वाट पट्ट्याला लागूनच होती. आज कुणी अशी वाट दाखवली तर मी तिथून मांजरालाही जाऊ देणार नाही, पण तेव्हा आम्हाला ते मशीन म्हणजे मोठं कौतुक होतं.

मावशी कोळीण. माहेर एडवणचं, सासर तारापूरच्या किनाऱ्याचं. आली होती सुकी मासळी विकायला. बायकांची गर्दी कशीही पट्ट्याजवळून चाललेली बघून तिने पाटी खाली ठेवली आणि मुकादमाला चार शब्द सुनावले. मुकादमाने वैतागून म्हटलं, "मग तूच सांभाळ की यांना!" तिने ते खरंच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मावशी आमच्या टोळीची म्होरकी.

तिचं स्वतःचं लुगडं गुडघ्यापर्यंत, कासोटा ताठ, पदर छातीवरून घट्ट आवळून कमरेत गेलेला. शोधूनही टोक सापडायचं नाही. "आमच्या होडीवर लोंबतं काय चालत नाय," ती सांगायची. "लोंबतं त्याला दोर नेतो, आनी दोरामागं मानूस जातो." हे ती ऐकीव सांगत नव्हती. तिच्या नवऱ्याचा पाय नांगराच्या दोराच्या वेटोळ्यात सापडला होता. दोर सुटला आणि पाऊल घेऊन गेला. तेव्हापासून तो कुबडी घेऊन चालायचा. याचीही मावशीने थट्टा करून ठेवली होती. "दर्यानं पाऊल ठेवून घेतलं आनी बाकीचा मला परत दिला. बाकीचा कामाचा नाय, पन बोलतो बरा!" आणि शेजारी बसलेला तो भला माणूस आमच्यापेक्षा मोठ्याने हसायचा.

आम्ही मूळचे साताऱ्याकडच्या माणदेशातले. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा लॉरीवर क्लीनर आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्याच खडी मशीनच्या इंजिनावर. मला बोईसरला आणताना मामंजींनी एक अट घातली होती. गावाकडची रीत इथंही पाळायची. सुनेबद्दल कुणी एक शब्द जरी बोललं, तर तिची रवानगी गावाला. हे त्यांनी मला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं आणि ते मला ऐकू येईल अशा बेताने सांगितलं. सुनेशी थेट बोलायची त्यांची पद्धत नव्हती. मला मात्र काही झालं तरी गावाला परत जायचं नव्हतं. तिथे सासू, दोन जावा आणि कोसभर लांबची विहीर होती. इथे पत्र्याची का होईना खोली होती, माझी स्वतःची चूल होती आणि संध्याकाळी घरी येणारा नवरा होता. त्यासाठी मी डोंगर फोडायला तयार होते, खडी तर किरकोळ.

आता गावाकडची रीत म्हणजे सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर. आणि सासरे तर दिवसभर इंजिनाजवळ समोर उभे! डोक्यावर दगडांचं घमेलं, दोन्ही हात घमेल्याला, म्हणून पदराचं टोक मी दातात धरून चालायची. पहिल्याच दिवशी मावशीने मला अडवलं. "हात घमेल्याला, दात पदराला, आनी तोल कोनी सांभालायचा गो सुनबाय? तुज्या बापाला बोलवू?" मी दात न उघडता काहीतरी पुटपुटले. तिने सरळ माझ्या तोंडातून पदर काढला आणि कमरेत खोचला. मी परत काढला. तिने परत खोचला. दुपारपर्यंत आमचं हेच चाललं होतं आणि बाकीच्या बायकांची करमणूक होत होती.

लॉऱ्यांशीही तिचं असंच रोखठोक वागणं. खडी न्यायला येणाऱ्या लॉऱ्या मागे मागे येत ढिगाशी लागायच्या. मावशी कुठल्याही लॉरीच्या मागून कधी गेली नाही. पुढून वळसा घालायची आणि जाता जाता बॉनेटवर सणसणीत थाप मारायची. उत्तरेकडचा एक ड्रायव्हर होता, तो कळवळून म्हणायचा, "मौसी, गाडी ने क्या बिगाडा है आपका?" "काय नाय बिगाडा. बिगाडायच्या आधी मारून ठेवते. तुला कललं ना मी हितं हाय? बस!" मग तो आम्हा सगळ्यांनाच थाप मारायला सांगू लागला. लॉरी आली की धडाधड थापा पडायच्या. मला तर दिवसातली तेवढीच मजा वाटायची.

पदराचं प्रकरण शेवटी मावशीने थेट मामंजींपर्यंत नेलं. त्यांच्या डोक्यावर कायम भलामोठा फेटा, म्हणून ती त्यांना फेटेवाले म्हणायची. जेवणाच्या सुट्टीत इंजिन बंद होतं. ती त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "फेटेवाले, तुमच्या सुनंच्या डोक्यावर चुंबल हाय. चुंबलीवर घमेलं हाय. घमेल्यात तुमच्याएवढा धोंडा हाय. आजून किती झाकायचं तिचं डोकं?"

मामंजी भाकरीचा तुकडा मोडत खाली बघून म्हणाले, "आमच्यात चालत न्हाई."

"तुमच्यात नाय चालत, पन ह्या पट्ट्याला चालते! त्याला सून कलत नाय, सासरा कलत नाय. तो लुगडं बघतो!"

सगळी टोळी कान टवकारून ऐकत होती. मामंजींनाही सुनेला मशीनच्या तोंडी द्यायची हौस नव्हती. पण रीत अशी चारचौघांत सोडवत नाही. शेवटी त्यांनी तोड काढली, तीही आमच्याकडच्या घराघरात चालणारीच. आमच्याकडे वडीलमाणूस घरात शिरण्याआधी खाकरतो. खाकरलं की आतल्या बायका पदर सावरतात, मग तो आत येतो. मामंजी म्हणाले, पदर खोचलेला असू दे. मी तिच्या बाजूला यायच्या आधी खाकरीन, तेवढ्यापुरता तिने डोक्यावर घ्यावा. मावशीला हे पटलं नव्हतं, पण अर्धं तरी मिळालं म्हणून तिने ते चालवून घेतलं. मी तर खूष होते. रीतही राहिली आणि दातही सुटले.

थोडे दिवस हे बरं चाललं. मग एके दिवशी टळटळीत दुपारी मशीन भरात असताना मी घमेलं रिकामं करून परत निघाले होते. पदर खोचलेला होता. पट्ट्याशेजारून जात असताना मामंजी तेलाचा डबा घेऊन इंजिनामागून आले. खडीची धूळ त्यांच्या घशात गेली आणि ते खोकले. ते काही खाकरणं नव्हतं, नुसता खोकला होता. पण सुनेच्या कानाला तो फरक कुठून कळणार? डोक्याने विचार करायच्या आत माझ्या हाताने कमरेचा पदर उपसला आणि डोक्याकडे नेला. पदर वाऱ्यावर उडाला आणि पट्ट्याने धरला.

मी दोन्ही हातांनी पदर ओढायला लागले. कुणीही ओढेल. जितकी मी ओढत होते तितकी पुढे जात होते आणि समोर ते लोखंडी चाक गरगरत होतं. आता आपले हात गेले, एवढंच मनात आलं. तेवढ्यात मावशीचा आवाज आला, "ओढू नको! सोड! सगलं सोड!" आणि पाठोपाठ ती स्वतः आली. तिने माझ्या हातांवर फटका मारला, मागून मला कवटाळलं, कासोटा उपसला, कमरेची गाठ तोडली आणि मला गर्रकन फिरवून खडीत ढकलून दिलं. नऊवारी लुगडं माझ्या अंगावरून सुटलं आणि सटासट चाकात गेलं. होडीवरच्या माणसाला हेच ठाऊक असतं. दोराशी झगडायचं नाही, दोराला जाऊ द्यायचं. पण त्या लुगड्याचा एक वेढा तिच्याच डाव्या हाताभोवती पडला. तिची करंगळी आणि शेजारचं बोट त्याने नेलं.

मामंजींनी इंजिन बंद केलं. मी खडीत पडले होते आणि अंगावर चोळीशिवाय काही नव्हतं. लॉरीवाल्यांसकट सगळे पुरुष पाठ करून उभे राहिले. कुणी सांगायची वेळ आली नाही. मी गुडघ्यात तोंड घालून रडत होते. बोटं दुसरीची गेली होती आणि मी रडत होते लाजेने. मग मी बघितलं, मामंजी माझ्याकडे पाठ करून, उलटी पावलं टाकत माझ्या दिशेने येत होते आणि चालता चालता डोक्यावरचा फेटा उलगडत होते. हातभर अंतरावर थांबून त्यांनी तो फेटा मागच्या मागे माझ्या अंगावर टाकला. त्यांचं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा उघडं बघितलं. पार टक्कल होतं.

मावशी हात काखेत दाबून बसली होती. लुगडं रक्ताने भिजत होतं, चेहरा पांढराफटक पडला होता. तिने मामंजींकडे बघितलं आणि म्हणाली, "फेटेवाले, आता तुमचं डोकं उघडं पडलं. ते पन सुनंसमोर!" असं म्हणून हसली आणि तिथेच आडवी झाली.

त्याच उत्तरेकडच्या ड्रायव्हरने लॉरी पालघरच्या दवाखान्याकडे पळवली. मावशी शुद्धीवर आली ती त्याला हळू चालव म्हणून ओरडायलाच. सगळ्या वाटेत मामंजी तिचा हात वर उचलून धरून बसले होते. परक्या बाईला बोट न लावणारा माणूस तो. पालघर येईपर्यंत ते तिला "आक्का" म्हणायला लागले होते. डॉक्टरांनी बोटांचं जे करायचं ते केलं, हाताला मोठं बँडेज बांधलं. मावशीने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "ह्याचं टोक लोंबते. खोचा."

हे नवऱ्याने मला घरी येऊन सांगितलं. तो हसत होता, मला हसू येईना. मी खोलीतून बाहेर पडले नव्हते. कामावरच्या सगळ्यांसमोर, सासऱ्यांसमोर माझं लुगडं गेलं होतं. आता लोक बोलतील आणि अट तर ठरलेली होती. मी गाठोडं बांधून ठेवलं. मामंजी रोज सकाळी डबा घेऊन निघून जायचे, रात्री जेवून झोपायचे. गावाला कधी जायचं ते काही बोलत नव्हते आणि मला विचारायची सोय नव्हती.

कामावर काय चाललंय ते मला नंतर कळलं. मावशीचा नवरा कुबडी टेकत, बैलगाडीत एका जुन्या मोडक्या होडीच्या फळ्या टाकून घेऊन आला होता. मामंजींनी आणि त्याने मिळून पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी खांब रोवले आणि त्या फळ्या ठोकून कुंपण घातलं. ठेकेदाराला विचारलंही नाही. त्या कुंपणाला मासळीचा वास यायचा आणि एका फळीवर अजून निळा रंग होता. पुढे ठेकेदाराने मशीन हलवलं तेव्हा कुंपणही लॉरीत घालून नेलं.

फळ्या पोचवून मावशीचा नवरा आमच्या खोलीवर आला आणि बाहेरूनच एक पुडकं ठेवून गेला. आत मावशीचं धुतलेलं लुगडं होतं, पोपटी रंगाचं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ते ती नेसायची तसं नेसले, गुडघ्यापर्यंत आणि घट्ट. का नेसले कोण जाणे. गावाला निघायचंच तर तिचं लुगडं नेसून निघू, असं काहीतरी मनात असावं. मामंजी दारात बसून तंबाखू मळत होते. त्यांनी वर बघितलं. माझ्या डोक्यावर पदर नव्हता आणि हातात गाठोडं होतं.

"पोरी," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी बोलत होते. "ते गाठोडं ठेव आत. आक्का कामावर आलीया, एका हातानं समद्यास्नी शिव्या देतीया. चल बिगीबिगी."

मी धावतच गेले. मावशीने मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "लुगडं परत दे हां. माजं चांगल्यातलं हाय." ते तिने कधीच परत घेतलं नाही. कामावर माझ्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. पहिल्या दिवशी कुणा नव्या माणसाने काही बोलायला तोंड उघडलं होतं म्हणे, तर मावशीने त्याला बँडेजचा हात दाखवून विचारलं, "तुजी किती बोटं हायत रे?"

मामंजींना मात्र तिने कामावर खोकायची बंदी केली. घशात धूळ गेली की ते तोंड दाबून पलीकडच्या ताडामागे पळायचे, मनसोक्त खोकून परत यायचे. साठीकडे झुकलेला तो मोठ्या फेट्याचा माणूस ताडाकडे पळताना बघून आम्ही बायका खाली बसून हसायचो. त्यांनाही ते आवडत असावं. सुक्या मासळीचा वास आला की नाक दाबणारे मामंजी पुढे आक्काने पाठवलेला जवळा भाकरीबरोबर मागून खाऊ लागले. "ही खारी चटणी बरी हाय," म्हणायचे. मासा म्हणालो नाही म्हणजे झालं, असा त्यांचा हिशेब होता आणि तो कुणी मोडला नाही.

रस्ता पुरा झाला आणि टोळी मोडली. मशीन दुसरीकडे गेलं, नवरा बोईसरला गॅरेजमध्ये लागला, मावशी परत किनाऱ्यावर मासळी सुकवायला गेली. येणंजाणं राहिलं. माझा मुलगा झाला तेव्हा ती आली, त्याची झबली, दुपटी सगळी आवळून आवळून बांधली आणि वर मलाच म्हणाली, "पोरगा मोकला ठेव गो, कपडा मोकला ठेवू नको."

दशक संपायच्या सुमाराला ती गेली. ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. निरोप घेऊन माणूस आला तेव्हा मामंजी जेवत होते. ते ताटावरून उठले, हात धुतला आणि बाजाराकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या काखेत एक पुडकं होतं. मिळेल त्या गाडीने आम्ही तारापूरला पोचलो.

अंगणभर माणसं होती. मावशीला न्हाऊ घालून ठेवलं होतं. सवाष्ण गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, ते आमच्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही. पण एडवणला तिचं कुणी उरलं नव्हतं. एक म्हातारी दारात येऊन रिवाजाप्रमाणे विचारत होती, "माहेरचं कोन हाय का गो? माहेरचं लुगडं कोनी आनलं का?" उत्तर येणार नाही हे तिलाही माहीत होतं. बायका खाली बघत होत्या. तिचा नवरा कुबडी मांडीवर घेऊन बसला होता.

मामंजी पुरुषांच्या घोळक्यातून पुढे आले. "हाय," ते म्हणाले. "मी हाय. आक्काचा भाऊ."

म्हातारीने त्यांच्या फेट्याकडे बघितलं, त्यांच्या बोलण्याचा तो घाटावरचा हेल ऐकला आणि मग मावशीच्या नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. म्हातारी दारातून बाजूला झाली. मामंजींनी पुडकं माझ्या हातात दिलं आणि मी आत गेले. हिरवं लुगडं होतं, नवं, कडक खळीचं. बायका मदतीला पुढे आल्या, पण मी कुणाला हात लावू दिला नाही. मीच नेसवलं, माझ्या दोन्ही हातांनी.